काळ्या आभाळातला पांढरा ठिपका: कॉटन रॅग कागदावरचे टवके आणि त्यांचा बंदोबस्त

इंकजेट प्रिंटिंग मशीनमधून बाहेर आलेली प्रिंट अगदी स्वच्छ असते. दुसऱ्या दिवशी माउंट कापायला ती टेबलावर येते, वरून हलका ब्रश फिरतो आणि गडद आभाळाच्या ऐन मध्यावर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका उघडा पडतो. संशय आधी शाईवर जातो, मग शाई फवारणाऱ्या हेडवर, मग त्या कागदाचे रंग ठरवणाऱ्या प्रोफाइल फाइलवर. बहुतेक वेळा यांतल्या कुणाचाच दोष नसतो. कागदावर आधीपासून एक सुटा कण बसलेला होता. शाई त्याच्या डोक्यावर पडली, नंतर तो गळला आणि जाताना आपल्या वाट्याची शाई घेऊन गेला. ठिपका दिसला प्रिंटनंतर, पण त्याची तयारी प्रिंटच्या आधीच झाली होती. त्यामुळे खाली दिलेली निम्म्याहून अधिक कामं प्रिंटची कमांड देण्यापूर्वीची आहेत.

हे सगळं मुख्यतः मॅट कॉटन रॅग, म्हणजे कापसाच्या तंतूंच्या बिनचकाकीच्या कागदांबद्दल आहे. हानेम्युले फोटो रॅग ३०८, कॅन्सन इन्फिनिटी रॅग फोटोग्राफिक ३१० ही त्या जातीची नेहमीची नावं. बॅरायटा आणि कॅनव्हासची दुखणी जरा वेगळी असतात, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

कागदाच्या अंगावर असतं काय

खाली कापसाच्या तंतूंचा जाड ताव, साधारण अर्धा मिलिमीटर. त्यावर शाई धरून ठेवणारं पांढरं कोटिंग. मॅट कागदात हे कोटिंग म्हणजे सिलिकाचे अतिशय बारीक, सच्छिद्र कण आणि त्यांना एकमेकांशी बांधणारा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखा चिकट पदार्थ. चिकट पदार्थ वाढवला तर थर मजबूत होतो, पण छिद्रं बुजतात, शाई नीट शोषली जात नाही आणि काळा रंग फिका पडतो. कमी केला तर काळा मखमली येतो, पण थर भुरभुरा राहतो. चुन्याच्या भिंतीला टेकलं की कपड्याला पांढरं लागतं, तसाच हा मामला. चांगल्या मॅट कागदाचा पृष्ठभाग थोडा नाजूक असणारच. मखमली काळ्याची ती किंमत आहे.

आता सुटे कण येतात कुठून? सगळ्यात मोठा उगम म्हणजे कापलेली कड. कारखान्यात पातं जाड तावातून जातं तेव्हा कडेला कोटिंगचा भुगा आणि कापसाचं तूस सुटतं. बॉक्समधल्या एका तावाची पाठ दुसऱ्याच्या तोंडाला टेकलेली असते, त्यामुळे पाठीवरचं तूसही प्रिंटच्या बाजूवर उतरतं. त्यात प्रवासातली घासाघीस. जर्मन एचिंगसारख्या खडबडीत पोताच्या कागदावर उंचवट्यांचे माथे घासले जातात आणि भुगा खोलगट भागात जाऊन बसतो. तिथून तो काढायला गुळगुळीत कागदापेक्षा जास्त हात फिरवावे लागतात.

आधी ठिपका वाचा

उपाय करण्यापूर्वी दहापट भिंग घ्या आणि टेबल लॅम्प कागदाच्या जवळजवळ पातळीत आडवा धरा, म्हणजे उजेड पृष्ठभागावरून सरपटत जाईल. समोरून टाकलेल्या उजेडात सगळे ठिपके सारखेच दिसतात, तिरप्या उजेडात त्यांची जात कळते.

ठिपक्याची कड धारदार असेल आणि आतला भाग सपाट, पांढरा, आजूबाजूच्या पातळीतच असेल, तर तिथे सुटा कण बसला होता आणि खालचं कोटिंग शाबूत आहे. आकार लांबट, वाकडा, केसासारखा असेल तर तो कण म्हणजे कापसाचा धागा. ही सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत सहज टाळता येणारी जात.

आत खळगा दिसत असेल, कडेला सावली पडत असेल आणि तळाशी तंतूंची जाळी किंचित पिवळसर दिसत असेल, तर कोटिंगचाच टवका उडाला आहे. हे प्रिंटच्या आधी होऊ शकतं, नंतरही. खळग्याच्या तळाला शाई लागलेली असेल तर टवका आधी उडाला होता. तळ कोरा असेल तर नंतर.

ठिपक्याशेजारी शाईचा फराटा असेल किंवा नुकसान हेडच्या येण्याजाण्याच्या दिशेत ओळीने असेल, तर हेड कागदाला घासलं आहे. कागदाच्या सरकण्याच्या दिशेत ठरावीक अंतराने बारीक खुणा असतील, तर त्या कागद धरणाऱ्या दातेरी चकत्यांच्या. आणि हेडच्या दिशेत एका रंगाची केसासारखी सरळ रेघ कायम गायब असेल, तर तो नोझल, म्हणजे हेडमधलं शाईचं छिद्र, बंद पडल्याचा प्रकार. त्याला ब्रशचा उपयोग नाही, नोझल चेक काढा.

अर्ध्या तावाची चाचणी

अंदाजापेक्षा एक ताव खर्च केलेला बरा. नव्या बॉक्समधला एक ए-४ ताव घ्या आणि समासात पेन्सिलीने मधोमध खूण करा. खुणेच्या डावीकडचा भाग पुढे सांगितल्याप्रमाणे ब्रशने साफ करा, उजवीकडच्या भागाला हात लावू नका. मग नेहमीच्या मीडिया टाइपवर (ड्रायव्हरमध्ये निवडायचा कागदाचा प्रकार) आणि प्रोफाइलवर पूर्ण तावभर एकसारखा गडद करडा रंग छापा. अगदी शुद्ध काळा नको. जेमतेम काळ्याच्या अलीकडचा करडा घेतला तर पांढरे ठिपकेही दिसतात आणि हेडचे फराटेही.

चोवीस तास सुकू द्या. मग संपूर्ण तावावर मऊ ब्रश फिरवा, रबरी ब्लोअरने दोनचार फुंकर मारा आणि तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे ठिपके मोजा. उजवीकडे पंधरा आणि डावीकडे एखादा निघाला, तर तुमचा प्रश्न सुट्या कणांचा आहे आणि ब्रशने सुटणार आहे. दोन्हीकडे सारखेच निघाले तर कोटिंगची पकड, खोलीतली हवा किंवा मशीन यांच्याकडे वळा.

सुकल्यावर ब्रश फिरवूनच मोजायचं, ही अट विसरू नका. कण गळेपर्यंत ठिपका दिसतच नाही, म्हणून ताज्या प्रिंटवर केलेली मोजणी नेहमी खोटी निघते.

ब्रश कुठला आणि फिरवायचा कसा

बकरीच्या केसांचा रुंद, चपटा जपानी हाके ब्रश उत्तम, ७५ ते १०० मिमी रुंदीचा. ड्राफ्टिंगच्या टेबलावरचा घोड्याच्या केसांचा लांब ब्रशही चालतो. नवा ब्रश आधी तळहातावर जोरात झटकून त्याचे सुटे केस काढा, कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवा आणि दोन दिवस वाळवा. रंगकामाचा जुना ब्रश घेऊ नका. त्याच्या मुळाशी वाळलेला रंग असतो आणि तो ओरखडे पाडतो. या ब्रशला दुसरं कुठलंच काम द्यायचं नाही. कीबोर्डसुद्धा झाडायचा नाही.

जागा मशीनपासून दूर, शक्यतो वेगळ्या टेबलावर. मशीनशेजारी झटकलेला भुगा फिरून मशीनमध्येच जातो. टेबलावर काळा कागद पसरा, म्हणजे किती निघालं ते दिसतं. पहिल्यांदा करणारा माणूस तो कागद पाहून दचकतोच.

बॉक्समधून ताव ओढून काढू नका, उचला. समोरासमोरच्या दोन कडा धरून सरळ वर. ओढलं की वरच्याची पाठ खालच्याच्या तोंडावर घासते आणि जो त्रास टाळायचा तोच तयार होतो. झेरॉक्सच्या कागदासारखी गड्डी फुलवणं तर अजिबात नको. हातात सुती किंवा नायट्राइलचे मोजे असावेत, कारण मॅट पृष्ठभागावर घामाचं बोट उमटलं की ते छापल्यावर दिसतं.

कोटिंगची बाजू कुठली याची शंका असेल तर किंचित ओलसर बोटाचं टोक कोपऱ्याला दोन्हीकडून लावून पाहा. जी बाजू चिकटते ती कोटिंगची. कोपऱ्याच्या समासातच हे करायचं, हे वेगळं सांगायला नको.

आता क्रम असा. आधी ताव उभा धरून त्याची एक कड काळ्या कागदावर दोनतीनदा हलकेच टेकवा. मग चारही कडांवरून ब्रश बाहेरच्या दिशेने फिरवा, पुढून आणि मागून. कडा आधी, कारण भुगा तिथेच असतो आणि मधून सुरुवात केली तर कडेचा भुगा उलटा आत येतो. त्यानंतर पाठ. शेवटी प्रिंटची बाजू: ताव साठसत्तर अंशांत उभा तिरपा धरा, वरून खाली एकाच दिशेत सहासात हात मारा, प्रत्येक हात आधीच्यावर थोडा चढवून. मग ताव नव्वद अंशांत फिरवून पुन्हा तितकेच. खडबडीत पोताचा कागद असेल तर चारही दिशांनी.

दाब किती? ब्रशच्या केसांची टोकं जेमतेम वाकतील इतकाच. जोर दिला की मॅट पृष्ठभाग घासून चकाकी येते आणि काळ्या भागात ती पट्ट्यासारखी दिसते. गोल गोल घासू नका. त्याने सुटा कण निघत तर नाहीच, उलट कोटिंगमध्ये रुततो. शेवटी रबरी ब्लोअरच्या दोन फुंकरा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचा अदृश्य तुषार कोटिंगवर बसतो आणि छापल्यावर फिकट डाग होऊन वर येतो. डब्यातली दाबाची हवा वापरायचा मोहही टाळा. डबा जरा तिरका झाला की त्यातला द्रव शिंतडतो. कॉम्प्रेसरच्या नळीतून तेल आणि पाणी येतं, तोही नको.

कपड्यांवरचं तूस काढायचे चिकट रोलर मॅट रॅगवर वापरू नका. भुगा निघतो खरा, पण पकड कमी असलेलं कोटिंगही त्याच्याबरोबर उचललं जातं.

साफ केलेला ताव लगेच मशीनमध्ये घाला. दहा ताव साफ करून पुन्हा एकावर एक रचून ठेवले तर केलेलं काम निम्मं वाया जातं.

रोलचं काय

रोलमध्ये भुगा मुख्यतः दोन्ही बाजूंच्या चकत्यांवर साठतो, म्हणजे गुंडाळीच्या कापलेल्या तोंडांवर. रोल उभा करून आधी ही दोन्ही तोंडं मऊ ब्रशच्या नोझलने, कमीत कमी ओढीवर व्हॅक्यूम करा. हे न करता रोल मशीनवर चढवला तर प्रत्येक फेऱ्याबरोबर कडेचा भुगा तावावर सांडत राहतो.

त्यानंतर दोन मार्ग. लागेल तेवढी लांबी रोलमधून कापायची, वरीलप्रमाणे साफ करायची आणि सुटा ताव म्हणून घालायची; प्रदर्शनाच्या प्रिंटसाठी हाच मार्ग धरावा. किंवा स्वच्छ टेबलावर लागेल त्याहून हातभर जास्त लांबी उलगडायची, साफ करायची, सैल न पडू देता परत गुंडाळायची आणि मग रोल चढवायचा. मशीनवर रोल असताना वरून ब्रश फिरवण्याचा प्रयत्न अनेकजण करतात. बऱ्याच मशीनमध्ये रोल आणि हेड यांच्यामधला भाग हाताला लागतच नाही आणि झटकलेला भुगा थेट आत पडतो.

मशीनचा आपोआप कापणारा कटर जाड कॉटनसाठी बंद ठेवा. पातं धावतं तेव्हा हेडच्या अगदी दारात भुगा उडतो, आणि बोथट पातं असेल तर कड फाटल्यासारखी होते. कागद बाहेर घेऊन कात्रीने किंवा धारदार पात्याने हाताने कापा. टेबलावर कापतानाही पातं वेळेवर बदला, त्यात कंजूषी नको. कापताना कोटिंगची बाजू वर असू द्या आणि पट्टी प्रिंट होणाऱ्या भागावर सरकवू नका.

हवा

कागदासाठी आणि मशीनसाठी सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्के आणि तापमान १८ ते २५ अंश सेल्सिअस हा कामाचा पट्टा. साधा डिजिटल हायग्रोमीटर मशीनशेजारी कायमचा टांगून ठेवा.

हवा कोरडी झाली की दोन गोष्टी बिघडतात. कोटिंगमधला ओलावा जाऊन ते ठिसूळ होतं आणि वाकताना तडकतं. शिवाय स्थिर वीज साठते आणि ब्रशने उडवलेला कण तावाला परत चिकटतो. नागपूरला मे महिन्याच्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तेव्हा कितीही झटकलं तरी तूस हलत नाही. अशा दिवसांत ह्युमिडिफायर लावून खोली ४५ ते ५० टक्क्यांवर आणल्याशिवाय साफसफाई सुरूच करू नका. मात्र ह्युमिडिफायरचा फवारा कागदाच्या किंवा मशीनच्या रोखाने नको.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात उलटं होतं. आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, कागद ओलावा पिऊन फुगतो, लाटा येतात, कोपरे वर उचलतात आणि हेड घासतं. कोटिंग मऊ पडल्याने रोलरच्या खुणाही उमटतात. एसी दिवसभर चालू आणि रात्री बंद, हा त्यातला सर्वांत वाईट प्रकार, कारण कागद रोज फुगतो आणि आक्रसतो. डिह्युमिडिफायर परवडत नसेल तर निदान उघडा बॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद ठेवून, आडवा, सपाट, जमिनीपासून वर ठेवा. बाहेरून आणलेला बॉक्स प्रिंटिंगच्या खोलीत न उघडता चोवीस तास राहू द्या.

मशीनमधली सेटिंग

हेड आणि कागद यांतलं अंतर कमी पडलं की टवका उडालाच म्हणून समजा. ड्रायव्हरमध्ये मीडिया टाइप फाइन आर्ट मॅटचा निवडा. एप्सनमध्ये प्लॅटन गॅप, म्हणजे हेच अंतर, ‘वाइड’वर न्या आणि कागदाची जाडी खरी भरा. फोटो रॅग ३०८ची जाडी सुमारे ०.४८ मिमी आहे. जिथे जाडी ०.१ मिमीच्या टप्प्याने भरायची असते तिथे ५ लिहा. कॅननच्या ड्रायव्हरमध्ये कागद घासू नये म्हणून ‘प्रिव्हेंट पेपर ॲब्रेजन’चा पर्याय आहे, तो चालू करा. अंतर उगाच अतोनात वाढवलं तर शाईचा थेंब लांबून पडतो आणि बारीक रेषा मवाळ होतात. म्हणून एकेक पायरी वाढवत फराटे थांबले की थांबा.

समास राखा. तावाचं टोक रोलरच्या पकडीतून सुटतं तेव्हा ते उडी मारतं आणि नेमकं तिथेच हेड लागतं. काही मशीन आर्ट पेपरसाठी वरखाली मोठा समास सक्तीने घेतात त्याचं कारण हेच. युक्तीने ती सक्ती मोडता येते, पण वाकडे कोपरे असलेल्या तावावर ती मोडू नका.

ताव वाकलेला असेल तर आधी सरळ करा. इंकजेट रोल बहुधा कोटिंग बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळलेले असतात. सरळ करताना उलट गुंडाळी, म्हणजे कोटिंग आत, जाड नळीवर, मध्ये स्वच्छ कागद घालून, काही सेकंदच. घाईने टेबलाच्या कडेवरून ओढून सरळ करण्याची पद्धत मॅट रॅगला घातक आहे. कडेवरच्या तीव्र वळणावर कोटिंगला सूक्ष्म तडे जातात आणि ते काळ्या शाईनंतरच दिसतात.

मशीनच्या आत साठलेल्या भुग्याकडेही बघायला हवं. तो हेड झाकणाऱ्या कॅपिंगच्या रबरावर आणि हेड पुसणाऱ्या वायपरवर बसतो, नोझल बुजतात. एखादा धागा हेडला लटकला की तावभर शाईची रेघ ओढत नेतो. दर पंचवीस-तीस तावांनंतर मशीन बंद करून, दिसणारा भाग तूस न सोडणाऱ्या किंचित ओलसर कापडाने टिपून घ्या. रबरी फीड रोलर फिरवत फिरवत पुसा. त्यावर पांढरी पूड बसली की ताव घसरतो आणि तिरका ओढला जातो. मशीनमध्ये हवा मारू नका, भुगा आणखी आत जातो.

छापून झाल्यावर

प्रिंट सपाट ठेवा, वर काहीही न ठेवता. दहापंधरा मिनिटांत ती कोरडी लागते, पण एकावर एक रचण्यापूर्वी चोवीस तास जाऊ द्या. मग पुन्हा एकदा मऊ ब्रश, पहिल्यापेक्षाही हलका, आणि ब्लोअर. उरलेला कण गळायचाच असेल तर तो आपल्या टेबलावर गळू दे, घेणाऱ्याच्या भिंतीवर काचेच्या आत नको. फ्रेमच्या तळाशी पडलेला काळा कण आणि वर आभाळात पांढरा ठिपका, असा निरोप आला तर हीच पायरी गाळलेली असते.

प्रिंट्सच्या मध्ये ग्लासीन किंवा आम्लमुक्त गुळगुळीत कागद घाला. उचलताना पुन्हा तोच नियम: सरकवायचं नाही. पाठवायची असेल तर दोन कडक बोर्डांमध्ये सपाट पाठवा. नळीच हवी असेल तर व्यास निदान १० सेंमी, आणि प्रिंटच्या तोंडावर ग्लासीन.

पडलेला ठिपका भरायचा की प्रिंट पुन्हा काढायची?

एका प्रिंटवर दोनतीन बारीक ठिपके असतील तर भरा. त्याहून जास्त असतील, किंवा एखादाही ठिपका चेहऱ्यावर असेल, तर पुन्हा काढा. भरण्यात जाणारा तास तावापेक्षा महाग पडतो. मर्यादित आवृत्तीतली प्रिंट असेल तर शंकेचा फायदा नेहमी नव्या तावाला द्या आणि बिघडलेली फाडून टाका.

भरण्यासाठी त्रिशून्य नंबरचा ब्रश आणि पिगमेंटचे चांगल्या प्रतीचे जलरंग. काळ्यासाठी संपलेल्या मॅट ब्लॅक काडतुसाच्या तोंडाशी उरलेला थेंबही कामी येतो, रंग हुबेहूब जुळतो. त्याच प्रिंटचा एक वाया गेलेला तुकडा जवळ ठेवा आणि रंग आधी त्यावर, ज्या उजेडात प्रिंट लागणार आहे त्या उजेडात, जुळवा. ब्रश रंगात बुडवला की टिपकागदावर टेकवून जवळजवळ कोरडा करा. मग ठिपक्याच्या मध्यावर टिंब, पुन्हा टिंब. फराटा ओढायचा नाही आणि कडेबाहेर जायचं नाही. पहिला हात मुद्दाम फिका ठेवा, सुकू द्या, मग दुसरा. ओला ब्रश लागला की कोटिंग फुगतं आणि ठिपक्याभोवती गडद कडं उमटतं. ते मग निघत नाही.

खळगा असेल तर उघडे तंतू टिपकागदासारखी शाई पितात आणि ठिपका पांढऱ्याचा काळाकुट्ट होतो. आधी मिथाइल सेल्युलोजच्या (खळीसारखा चिकट पदार्थ) पातळ द्रावणाचा सूक्ष्म थेंब खळग्यात सोडा, पूर्ण सुकू द्या, मग रंग. मार्कर पेन आणि रंगीत पेन्सिली टाळा. पेनचा काळा तिरप्या उजेडात चमकतो, पेन्सिलीच्या दाबाने पृष्ठभाग चकाकतो.

संरक्षक स्प्रे

हानेम्युलेचा किंवा प्रीमियर आर्टचा प्रिंट शील्डसारखा स्प्रे थर बांधून ठेवतो, घासणं कमी करतो. पण सुटे कण असलेल्या प्रिंटवर मारला तर तो कणही थोडाबहुत चिकटवतो आणि ठिपका सहा महिन्यांनी उगवतो. म्हणून क्रम पक्का: चोवीस तास सुकवणं, ब्रश, ठिपके भरणं, मग स्प्रे. अंतर २० ते ३० सेंमी, सुरुवात आणि शेवट तावाच्या बाहेर, तीन पातळ थर, प्रत्येक थर आधीच्याला आडवा, मध्ये दहा मिनिटं. एकच जाड थर दिला तर मॅटपणा जातो आणि ओघळ दिसतो. स्प्रे ज्वलनशील आहे आणि त्याची वाफ त्रासदायक; खिडकी उघडी, सॉल्व्हंटच्या वाफेसाठीचा मास्क, आसपास ज्योत नाही. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर असेल तर थांबा, कारण दमट हवेत थर दुधाळ होतो आणि काळ्यावर धुकं चढतं.

लॉटच खराब असेल तर

चाचणीत साफ केलेली बाजूही तितकीच ठिपकेदार निघाली, हवा ठीक आहे आणि हेड लागत नाही, तर कोटिंगची पकड तपासा. मास्किंग टेप आधी कापडावर दोनदा चिकटवून तिची चिकट कमी करा, कोऱ्या समासावर लावा आणि सावकाश सोलून काढा. थोडी पांढरी पूड कुठल्याही मॅट कागदाची येते, त्यामुळे एकट्या तुकड्यावर निर्णय देऊ नका; त्याच कागदाच्या दुसऱ्या लॉटशी शेजारी ठेवून तुलना करा. फरक ढळढळीत असेल तर बॉक्सवरचा लॉट नंबर, छापलेला चाचणी ताव, तिरप्या उजेडातला पट्टीसकट फोटो आणि एक कोरा ताव विक्रेत्याला द्या. बॉक्सचं लेबल फेकून दिलं असेल तर बोलणं तिथेच संपतं, म्हणून ताव संपेपर्यंत लेबल जपा.

बॅरायटा आणि कॅनव्हास

बॅरायटा कागदावर कोटिंग चकचकीत आणि त्याखाली बेरियम सल्फेटचा थर. भुगा कमी, पण ठिसूळपणा जास्त. ताव एका कोपऱ्याला अंगठ्याने दाबून उचलला की अंगठ्याजवळ चंद्रकोरीसारखी घडी उमटते आणि ती कायमची. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना धरून, मधे किंचित झोळ देऊन उचला. ठिपका भरायला बॅरायटा वाईट, चकाकीतला फरक कुठूनही दिसतो. पुन्हा छापलेलं बरं.

कॅनव्हास चौकटीवर ताणताना कडेवर पांढरे तडे दिसतात. पाण्यावर आधारित लवचीक वॉर्निशचे दोन हात ताणण्यापूर्वी द्या, चोवीस तास सुकू द्या, चौकटीच्या कडा गोल घासलेल्या घ्या आणि काम गार एसीखाली नव्हे तर साध्या उबेच्या खोलीत करा. कोपऱ्याची घडी एकदाच घाला. चुकली म्हणून उलगडून पुन्हा घातली की त्याच रेषेवर कोटिंग सुटतं.